खाड्यांचा हिशेब

कॅलिफोर्नियाच्या कामगार संहितेत 2855 क्रमांकाचे एक कलम आहे. वैयक्तिक सेवेचा करार काम करणाऱ्यावर सात वर्षांहून जास्त काळ लादता येणार नाही, असे ते सांगते. संहितेत या कलमाला कोणाचेही नाव नाही, पण लॉस एंजेलिसमधले वकील, एजंट, गायक आणि नट त्याला ‘डी हॅव्हिलंड कायदा’ म्हणतात. जुन्या हॉलिवूडच्या चाहत्यांना हे आडनाव वेगळ्याच कारणाने ठाऊक असते. ‘गॉन विथ द विंड’मधली सोशिक, क्षमाशील मेलनी म्हणजे ऑलिव्हिया डी हॅव्हिलंड. एरल फ्लिनच्या तलवारबाज नायकाकडे कौतुकाने पाहणारी ‘रॉबिन हूड’मधली मॅरियनही तीच. दोन ऑस्कर मिळवणारी आणि 104 वर्षे जगलेली ही अभिनेत्री मोठी होतीच. तरीही तिचे सर्वात टिकाऊ काम कॅमेऱ्यासमोर झाले नाही, ते कोर्टात झाले. ते टिकले, कारण तिथे तिने फार मोठे असे काही मागितलेच नव्हते. स्वातंत्र्य, कलावंताची प्रतिष्ठा, माणुसकी यांपैकी कशाचीही दाद तिने मागितली नाही. सात वर्षे म्हणजे सात वर्षेच ना, एवढेच तिने न्यायाधीशांकडून वदवून घेतले.

ऑलिव्हियाचा जन्म 1 जुलै 1916 रोजी टोकियोत झाला. वडील इंग्रज, तिथे पेटंटची वकिली करणारे, आई रंगभूमीवर काम केलेली. 1919 मध्ये आई दोन्ही मुलींना घेऊन कॅलिफोर्नियात आली आणि सॅराटोगा या लहानशा गावात राहिली. धाकटी बहीण जोन पुढे सावत्र वडिलांचे आडनाव घेऊन जोन फाँटेन या नावाने नटी झाली. 1934 मध्ये ऑस्ट्रियन दिग्दर्शक मॅक्स राइनहार्ट यांनी हॉलिवूड बोलच्या खुल्या प्रेक्षागृहात शेक्सपिअरचे ‘अ मिडसमर नाइट्स ड्रीम’ बसवले. त्यात हर्मियाच्या भूमिकेसाठी ऑलिव्हिया बदली नटी होती, तीही दुसऱ्या क्रमांकाची. आधीच्या दोघी एकापाठोपाठ गळाल्या आणि भूमिका हिच्या पदरात पडली. वॉर्नर ब्रदर्सने त्या नाटकाचा चित्रपट करायला घेतला तेव्हा राइनहार्ट यांच्या बरोबर हर्मियाही पडद्यावर आली. स्टुडिओच्या करारावर तिने सही केली तेव्हा ती अठरा वर्षांची होती. शिक्षिका व्हायचा विचार मागे पडला.

तिची तक्रार कळायची तर त्या काळचा स्टुडिओ करार कसा असे हे पाहावे लागते. कागदावर तो सात वर्षांचा दिसे, पण त्याने बांधलेली असे ती फक्त नटी. स्टुडिओ ठरावीक मुदतीसाठी नटीला कामावर घेई, आणि ती मुदत सरली की करार पुढे चालवायचा की मोडायचा हे ठरवण्याचा हक्क स्टुडिओचाच असे. चित्रपट पडला, चेहरा जुना वाटू लागला, तर तिला घरी पाठवता येई. तिला मात्र स्वतःहून उठून जाता येत नसे. कोणती भूमिका करायची, दुसऱ्या कंपनीला उसनी द्यायची का, प्रसिद्धीसाठी कुठे मिरवायचे, सगळे वरून ठरे. उसनी दिलेल्या नटीचे जास्तीचे पैसे स्टुडिओच्या तिजोरीत जात, तिला तिचा ठरलेला पगार मिळे. आणि तिने भूमिका नाकारली तर निलंबन. ती भूमिका दुसरी कोणी करून संपवेपर्यंत पगार बंद, दुसरीकडे काम करायला बंदी, आणि तेवढे दिवस कराराच्या शेपटीला जोडले जात. आपल्याकडे सालगड्याच्या व्यवहारात यासाठी नेमका शब्द आहे: खाडे. साल सरले तरी खाडे भरून दिल्याशिवाय गडी मोकळा होत नाही. हॉलिवूडचा हिशेब तोच, फक्त गडी रेशमी झग्यात होता. नाकारलेल्या प्रत्येक भूमिकेने करार लांबत जाई, म्हणजे जी नटी जास्त विचार करणारी तिची वर्षे जास्त. सात वर्षांचा करार दहा वर्षे चालवणे यात अशक्य असे काही नव्हते.

वॉर्नरने तिला वाईट वागवले असे सरसकट म्हणता येणार नाही. 1935 च्या ‘कॅप्टन ब्लड’ने तिला आणि फ्लिनला एका रात्रीत तारांकित केले. पुढे दोघांनी मिळून आठ चित्रपट केले. 1938 चा ‘रॉबिन हूड’ आजही पाहताना शिळा वाटत नाही, आणि त्यातल्या तिच्या डोळ्यांत निव्वळ शोभेच्या बाहुलीपेक्षा बरेच काही आहे. पण वॉर्नर हा मुळात पुरुषी चित्रपटांचा कारखाना होता. गुंड, पत्रकार, खलाशी, सैनिक यांच्या गोष्टी तिथे बनत, आणि ऑलिव्हियाच्या वाट्याला नायकाची वाट पाहणे येई. मेलनीची भूमिका डेव्हिड सेल्झनिकच्या कंपनीची. तिला तिकडे पाठवायला स्टुडिओप्रमुख जॅक वॉर्नर तयार नव्हता, तेव्हा तिने त्याच्या बायकोला चहाला बोलावून तिच्याकडून शब्द टाकवला. आता एक साधी मोजणी करू. आयुष्यात तिला पाच वेळा ऑस्करचे नामांकन मिळाले. ‘गॉन विथ द विंड’ सेल्झनिकचा, ‘होल्ड बॅक द डॉन’ पॅरामाउंटचा, ‘टू ईच हिज ओन’ पॅरामाउंटचा, ‘द स्नेक पिट’ ट्वेन्टिएथ सेंच्युरी फॉक्सचा आणि ‘द एअरेस’ पुन्हा पॅरामाउंटचा. ज्या स्टुडिओने तिला घडवले असे म्हटले जाते, त्याच्या एकाही चित्रपटासाठी तिला नामांकन मिळालेले नाही. पहिली दोन तर ती उसनी गेलेली असतानाची. ऑस्कर हे काही अभिनयाचे अचूक माप नव्हे, पण पाचातली पाच परक्या घरची निघतात तेव्हा तो योगायोग मानणे अवघड जाते.

मेलनी केल्यानंतर आधीसारख्या भूमिका तिला पचेनात. ती नकार देऊ लागली, निलंबनामागून निलंबन येत गेले, आणि 1943 च्या मे महिन्यात, 1936 मध्ये नव्याने केलेल्या कराराची सात वर्षे भरली तेव्हा स्टुडिओने सुमारे सहा महिन्यांचे खाडे तिच्यापुढे ठेवले. यापूर्वी वॉर्नरशी भांडलेले लोक होते. जेम्स कॅग्नीने 1936 मध्ये कोर्टात बाजी मारली होती, पण त्याचा मुद्दा स्टुडिओने कराराच्या अटी मोडल्या हा होता. अट न मोडता पिळवणूक करणाऱ्या कराराचे काय करायचे, हा प्रश्न त्याच वर्षी बेटी डेव्हिसने लंडनच्या न्यायालयात नेला, आणि तो फसला. डेव्हिस इंग्लंडमध्ये दुसऱ्या निर्मात्यासाठी काम करायला गेली होती, वॉर्नरने मनाई मागितली. तिच्या बाजूने करार म्हणजे गुलामगिरी असल्याचे मांडले गेले. स्टुडिओचे वकील सर पॅट्रिक हेस्टिंग्ज यांनी तिच्या पगाराचा आकडा पुढे करून, एवढ्या मोबदल्यावर कायमचे दास्य मिळत असेल तर आपणही विचार करू, अशा अर्थाचा चिमटा काढला. न्यायमूर्तींनी निकाल दिला तो असा: तिला वॉर्नरसाठी अभिनय करायला आम्ही भाग पाडू शकत नाही, पण दुसऱ्यासाठी अभिनय करायला मनाई करू शकतो. पोट भरायला दुसरी कामे आहेतच.

हा निकाल कुठवर पोचला, ते पाहण्यासारखे आहे. 1967 मध्ये भारताच्या सर्वोच्च न्यायालयापुढे टायरचा धागा बनवणाऱ्या कल्याणच्या एका रेयॉन कारखान्यातल्या शिफ्ट सुपरवायझरचा खटला आला. पाच वर्षांचा करार अर्ध्यावर टाकून तो राजस्थानातल्या दुसऱ्या कारखान्यात गेला होता. कराराच्या उरलेल्या मुदतीत त्याने तसेच काम प्रतिस्पर्ध्याकडे करू नये, हे बंधन न्यायालयाने वैध ठरवले, आणि त्या चर्चेत ज्या इंग्रजी निकालांचा आधार आला त्यांत बेटी डेव्हिसचा खटलाही होता. हॉलिवूडमधल्या रुसव्याची सावली टायरच्या धाग्यापर्यंत पडली. सांगायचे ते हे की हरलेला खटला हरणाऱ्यापुरता राहत नाही. तो पुस्तकात जातो आणि पुढच्या अनोळखी माणसाच्या विरोधात उभा राहतो. शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये हे आपण खर्चाच्या आणि मनस्तापाच्या भीतीने म्हणतो. त्या म्हणीला हे दुसरे, जास्त गंभीर कारणही आहे.

ऑलिव्हियाचे वकील मार्टिन गँग यांनी गुलामगिरी हा शब्द बाजूला ठेवला आणि जुनी संहिता काढली. 1872 च्या कॅलिफोर्निया दिवाणी संहितेत वैयक्तिक सेवेच्या करारावर दोन वर्षांची मर्यादा घातलेली होती. 1919 मध्ये ती पाच वर्षांची झाली, 1931 मध्ये सात वर्षांची. मर्यादा प्रत्येक वेळी मालकांच्या सोयीने लांबत गेली होती, पण मर्यादा होती. पुढे हे कलम कामगार संहितेत गेले. नटनट्यांचे करार सात वर्षांचेच का असत, याचे उत्तर याच कलमात आहे. स्टुडिओंना कायदा माहीत होता, त्यांनी त्याच्या टोकापर्यंत करार ताणला होता, आणि खाड्यांच्या मार्गाने त्याच्याही पलीकडे. गँग यांचा प्रश्न एवढाच होता: सात वर्षे म्हणजे दिनदर्शिकेची सात वर्षे, की प्रत्यक्ष कामावर भरलेल्या दिवसांची सात वर्षे? वॉर्नरचे म्हणणे अर्थातच दुसरे. ऑगस्ट 1943 मध्ये ऑलिव्हियाने दावा लावला. तिने नुकसानभरपाई मागितली नाही, आपला करार संपला आहे एवढे जाहीर करून मागितले. मार्च 1944 मध्ये लॉस एंजेलिसच्या सुपीरियर कोर्टाने तिच्या बाजूने निकाल दिला, डिसेंबर 1944 मध्ये अपील न्यायालयाने तो कायम केला, आणि फेब्रुवारी 1945 मध्ये राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने प्रकरण ऐकायलाच नकार दिला.

डेव्हिसची आणि तिची तुलना अन्यायाची आहे, असे कोणी म्हणू शकेल, आणि त्यात तथ्य आहे. इंग्लंडमध्ये असे कलमच नव्हते. शिवाय डेव्हिसचा करार तेव्हा मुदतीत होता, ऑलिव्हियाने मुदत उलटल्यावर दार ठोठावले. म्हणजे एकीने चुकीचा युक्तिवाद केला आणि दुसरीने बरोबर, इतके हे सोपे नाही. पण युक्तिवाद परिस्थितीतूनच निवडायचा असतो. मेमध्ये सात वर्षे भरेपर्यंत थांबणे, आपल्या रागाला साजेशा शब्दांऐवजी कायद्यात सापडलेला कोरडा शब्द धरणे, यालाच निवड म्हणतात. आपल्याकडे 1939 मध्ये शांता आपटे यांनी कराराच्या वादातून पुण्याला प्रभात स्टुडिओच्या फाटकाशी उपोषण केले. त्यांची जिद्द ऑलिव्हियाहून तसूभरही कमी नव्हती, उलट जास्तच म्हणावी लागेल. पण त्यांच्या हाताशी असे कलम नव्हते. त्यामुळे त्या लढ्याची आठवण उरली आणि ऑलिव्हियाच्या लढ्याचा कायदा झाला.

निकालातला सर्वात महत्त्वाचा भाग वर्ष मोजण्याचा नाही, हे मात्र सहसा सांगितले जात नाही. वॉर्नरने दुसरा एक मुद्दा मांडला होता, आणि तो जास्त धोकादायक होता. करारात निलंबनाचे दिवस जोडण्याचे कलम होते, त्यावर तिने सही केली होती. मग कायद्याने दिलेले संरक्षण तिने स्वखुशीने सोडले, असे का समजू नये? कोणतेही व्यापारी मन पटकन मान डोलावील असा हा युक्तिवाद आहे. सज्ञान माणूस, समोर वकील, खाली सही, आणखी काय हवे? न्यायमूर्ती शिन यांनी लिहिलेल्या अपिलाच्या निकालाने त्याला दिलेले उत्तर असे: हे कलम एकट्या नटीच्या फायद्यासाठी नाही, काम करणाऱ्यांच्या हितासाठी आखलेल्या सार्वजनिक धोरणाचा तो भाग आहे, आणि सार्वजनिक हितासाठी केलेला कायदा खाजगी करारातून निष्प्रभ करता येत नाही. किमान वेतनाचा कायदा घ्या. नोकरीच्या गरजेत असलेल्या माणसाकडून ‘मला कमी चालेल’ असे लिहून घेता आले, तर तो कायदा उद्यापासून कोणाचेही रक्षण करणार नाही, कारण प्रत्येक मालक पहिल्याच दिवशी ते लिहून घेईल. मर्यादा सोडून देण्याचा हक्क दिला की मर्यादाच नाहीशी होते. एका सुस्थितीतल्या नटीच्या खटल्यात हे ठरले, हे थोडे विचित्र वाटते. पण गरजू माणूस स्टुडिओशी दीड वर्ष लढू शकला नसता, हेही तितकेच खरे.

आणि तिलाही ते स्वस्त पडले नाही. वॉर्नरने इतर स्टुडिओंना कळवून टाकले की ही नटी आमच्या कराराखाली आहे, तिला काम देऊ नये. सुमारे दोन वर्षे ती कॅमेऱ्यासमोर उभी राहू शकली नाही. सत्तावीस ते एकोणतीस हे त्या काळच्या नायिकेच्या आयुष्यातले भर उन्हाळ्याचे दिवस, आणि प्रेक्षक विसरायला दोन वर्षे पुरतात. युद्ध चालू होते, त्या काळात ती अलास्काजवळच्या आणि दक्षिण पॅसिफिकमधल्या लष्करी इस्पितळांत जखमी सैनिकांना भेटत फिरली, फिजीत न्यूमोनियाने आजारी पडली. निकाल उलटा गेला असता तर वॉर्नरच्या फाटकातून मान खाली घालून परत जाणे किंवा धंदा सोडणे, एवढेच उरले असते.

सुटका झाल्यावर तिने काय निवडले, यावरून तिची मागणी खरी होती की नुसता तोरा, हे ठरवता येते. 1946 च्या ‘टू ईच हिज ओन’मध्ये ती एका अविवाहित आईचे तारुण्य ते प्रौढपण उभे करते. दोन महायुद्धांच्या दरम्यान पसरलेल्या या गोष्टीत तिचा मुलगा तिच्या डोळ्यांदेखत दुसऱ्यांच्या घरी वाढतो. गोष्ट रडवी आहे हे मान्य. पण वय वाढताना ती केसांना पावडर लावून थांबत नाही, आवाज आणि चाल दोन्ही बदलते. यासाठी तिला पहिले ऑस्कर मिळाले. 1948 च्या ‘द स्नेक पिट’मध्ये ती मनोरुग्णालयात दाखल झालेली स्त्री झाली, विस्कटलेली, मेकअपशिवाय, कोणत्याही नायिकेला नकोशी वाटेल अशी. त्यासाठी तिने इस्पितळांत जाऊन रुग्ण आणि त्यांच्यावरचे उपचार पाहिले. आणि 1949 चा ‘द एअरेस’. हेन्री जेम्सच्या कादंबरीवरून झालेले नाटक न्यूयॉर्कमध्ये पाहून ती स्वतः दिग्दर्शक विल्यम वायलरकडे गेली. वॉर्नरच्या दिवसांत संहिता तिच्या दारात येऊन पडत असे. आता तीच संहिता शोधत होती.

‘द एअरेस’मधली कॅथरीन ही श्रीमंत, बुजरी, बापाच्या नजरेत कवडीमोल मुलगी. तिच्या पैशासाठी एक देखणा तरुण तिच्यावर प्रेमाचे नाटक करतो, आणि वारसा मिळणार नाही असे दिसताच पळून जाण्याच्या ठरल्या रात्री येतच नाही. त्या पहाटे ती सामानाची बॅग घेऊन जिना चढते. वायलरने तो प्रसंग पुन्हा पुन्हा करून घेतला आणि बॅगेत खरोखरीचे वजन भरले, असे सांगतात. पडद्यावर दिसतो तो शीण अभिनय आणि वजन यांच्या मधला कुठला तरी आहे. नंतरच्या भागात तिचा आवाज अर्ध्या पट्टीने खाली उतरतो आणि सपाट होतो. चेहऱ्यावर काही नसते, तरीही भीती वाटते. शेवटी तो तरुण परत येऊन बंद दार ठोठावत राहतो आणि ती हातात दिवा घेऊन तोच जिना चढते, या वेळी हलक्या पावलाने. मेलनीचा चांगुलपणा आणि कॅथरीनचा थंडपणा एकाच नटीकडे होता, हे वॉर्नरला आठ-नऊ वर्षांत कळले नाही. किंवा कळून उपयोग नव्हता. त्यांच्या कारखान्यात त्या मालाला गिऱ्हाईक नव्हते.

या सगळ्याला घेतला जाणारा सर्वात जड आक्षेप इतिहासाचा आहे. स्टुडिओ व्यवस्था एका नटीने मोडली, ही गोष्ट ऐकायला छान, पण ती मोडली इतर कारणांनी. 1948 मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने पॅरामाउंट खटल्यात मोठ्या कंपन्यांची निर्मिती, वितरण आणि चित्रपटगृहे यांवरची एकत्र मक्तेदारी बेकायदा ठरवली. स्वतःची थिएटरे गेल्यावर दर आठवड्याला नवा माल ओतण्याची गरज संपली. पाठोपाठ दूरचित्रवाणी घराघरांत आली. शेकडो कलावंतांना पगारावर पोसणे परवडेनासे झाले, तेव्हा करार आपोआपच सुटले. हा आक्षेप मला बव्हंशी मान्य आहे. डी हॅव्हिलंड निकालाने स्टुडिओ पाडले नाहीत. पण व्यवस्था कोसळताना कोणाच्या हाती काय उरते, हे आधी ठरलेल्या नियमांवर अवलंबून असते. 1950 मध्ये जेम्स स्ट्यूअर्टच्या एजंटने ‘विंचेस्टर 73’साठी पगाराऐवजी नफ्यातला वाटा ठरवला आणि धंद्याची रीत बदलली. असा सौदा मोकळ्या नटालाच करता येतो. युद्धावर गेलेल्या नटांचा मुद्दा त्याहून थेट आहे. लढाईवरची वर्षे खाडे म्हणून कराराला जोडायची का, या प्रश्नाला या निकालानंतर कॅलिफोर्नियात एकच उत्तर उरले होते.

दुसरा आक्षेप मला जास्त टोचतो. नकार देण्याचा हक्क त्याच माणसाच्या उपयोगाचा, ज्याच्यापुढे दुसरा पर्याय असतो. ‘गॉन विथ द विंड’साठीच्या सहायक अभिनेत्रीच्या ऑस्करमध्ये ऑलिव्हिया जिच्याकडून हरली, ती हॅटी मॅक्डॅनियल हे त्याचे उदाहरण. ऑस्कर मिळवणारी ती पहिली कृष्णवर्णीय कलावंत, पण त्या समारंभात तिला बाकीच्या नटमंडळींपासून वेगळ्या टेबलावर बसवले होते. पुढेही तिच्या वाट्याला आल्या त्या मोलकरणींच्याच भूमिका. सात वर्षांनी करार संपला काय नि न संपला काय, वेशीबाहेरही तेच काम असेल तर सुटकेचा अर्थ काय? कलम 2855 या प्रश्नाला हात लावत नाही. ते दार उघडते, बाहेर रस्ता आहे की नाही हे पाहत नाही. म्हणूनच या विजयाला मुक्तिलढा म्हणू नये असे मला वाटते. तो मोजमापाचा विजय होता. मोजमाप सर्वांना सारखे लागू होते एवढीच त्याची थोरवी, आणि तेवढीच मर्यादा.

पळवाटा निघणार हे उघडच होते. मुदत संपायच्या आत मध्येच पगार वाढवून नवा करार करायचा आणि घड्याळ पुन्हा शून्यावर आणायचे, ही युक्ती मनोरंजनाच्या धंद्यात रूढ झाली. रेकॉर्ड कंपन्यांनी 1987 मध्ये कायद्यातच दुरुस्ती करवून घेतली. त्यानुसार सात वर्षांनी गायक जाऊ शकतो, पण कबूल केलेले अल्बम राहिले असतील तर कंपनी नुकसानभरपाई मागू शकते. म्हणजे खाडे पुन्हा वहीत आले, फक्त दिवसांऐवजी अल्बमच्या रूपाने. त्यामुळेच 2008 मध्ये ‘थर्टी सेकंड्स टू मार्स’ या बँडने सात वर्षांचा आधार घेऊन करार संपवायचे ठरवले, तेव्हा त्यांच्यावर तीन कोटी डॉलरचा दावा लागला. पुढच्या वर्षी तडजोड झाली. 2012 मध्ये ‘मॉडर्न फॅमिली’ या मालिकेतल्या कलावंतांनी पगाराच्या बोलणीत हेच कलम बाहेर काढले आणि लवकरच नवा करार पदरात पाडून घेतला. ज्या कायद्याला वळसा घालण्यासाठी लोक इतके कष्ट घेतात, तो मेलेला नसतो.

ऑलिव्हियाविषयी लिहायचे आणि बहिणीशी असलेल्या वैराविषयी लिहायचे नाही, हे बहुतेक लेखकांना जमत नाही. 1942 च्या समारंभात दोघी एकाच पुरस्कारासाठी नामांकित होत्या आणि धाकटी जिंकली, यावर पानेच्या पाने खर्ची पडली आहेत. मला त्यात फारसे काही दिसत नाही. पण तिच्या अखेरच्या खटल्यात ती बहीण डोकावते, म्हणून उल्लेख. 1950 च्या दशकात ऑलिव्हिया पॅरिसला गेली आणि कायमची तिथलीच झाली. 1965 मध्ये कान महोत्सवाच्या परीक्षक मंडळाची ती पहिली स्त्री अध्यक्ष होती. 2017 मध्ये बेटी डेव्हिस आणि जोन क्रॉफर्ड यांच्या भांडणावरची ‘फ्यूड’ ही मालिका आली. तिच्यात ऑलिव्हियाचे पात्र होते, ते साकारले कॅथरीन झीटा-जोन्सने. प्रत्यक्षात कधी न दिलेली मुलाखत या पात्राच्या तोंडी घातली होती, आणि बहिणीविषयी एक शिवीही. आपली परवानगी न घेता आपले नाव वापरले आणि आपल्याला खोट्या रंगात दाखवले, म्हणून तिने आपल्या 101 व्या वाढदिवसाच्या आदल्या दिवशी दावा दाखल केला.

या वेळी तिची मागणी अरुंद नव्हती. नाव कोणाचे, प्रतिमा कोणाची, जगलेल्या आयुष्यावर मालकी कोणाची, असे भलेमोठे प्रश्न तिने विचारले होते, आणि त्यांचे उत्तर देणारे निखळ कलम हाताशी नव्हते. समोर अभिव्यक्तिस्वातंत्र्य उभे होते. पहिल्या पायरीवर तिला यश आले, पण 2018 च्या मार्चमध्ये अपील न्यायालयाने दावा काढून टाकला. जगप्रसिद्ध नटी असो वा कोणाला माहीत नसलेली व्यक्ती, इतिहास कोणाच्या मालकीचा नसतो, असा त्या निकालाचा आशय होता. 2019 च्या जानेवारीत अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने प्रकरण ऐकायला नकार दिला आणि दीड वर्षाने, 26 जुलै 2020 रोजी, पॅरिसच्या घरी ती वारली. 2018 चा निकाल देणारे अपील न्यायालय लॉस एंजेलिसचेच होते, 73 वर्षांपूर्वी तिचे खाडे पुसून टाकणारे.